सतरा नंबरचा चेहरा

ता. ३ फेब्रुवारी

चि. खोकेबहाद्दरास,

अनेक उत्तम आशीर्वाद. आशीर्वाद रिवाज म्हणून लिहिले आहेत, आत्ता मनात दुसरंच काही आहे.

फोटोग्राफर संस्थेनं यंदाच्या प्रदर्शनाच्या स्पर्धेसाठी मला परीक्षक नेमलं ही बातमी तुला मीच कौतुकानं कळवली होती. तेव्हा तू नुसतं अभिनंदन केलंस आणि गप्प बसलास. तू आणि गप्प! तिथेच मला शंका यायला हवी होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कोणाला?

काल पहिली बैठक झाली. आम्ही तिघं. अध्यक्ष, म्हणजे साबणाच्या जाहिराती काढून ज्यांनी बंगला बांधला ते. दुसरे लेन्सचं शास्त्र शिकवणारे मास्तर, मान सदा खाली, बोलणं कमी. तिसरी मी, चाळीस वर्षं तुझ्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या निगेटिव्हवरच्या सुरकुत्या पेन्सिलनं भरणारी. उतरत्या टेबलावर एकेक प्रिंट येत होतं. सगळी मोठ्या फिल्मची, निगेटिव्ह कागदाला चिकटवून जशीच्या तशी छापलेली, त्यामुळे लपवाछपवीला जागा नाही. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. तांत्रिक मार्क देताना मी प्रिंट उलटं ठेवते, डोकं खाली, हनुवटी वर. असं केलं की चेहरा लाडीगोडी लावत नाही. फोकस कुठे पडलाय, सावलीत काही शिल्लक आहे का, पांढऱ्याचा नुसता चुना झालाय का, एवढंच दिसतं.

सतरा नंबर आला तसा मी उलटा केला आणि भिंग लावलं. काय सांगू तुला, पहिल्यांदा जीव सुखावला. पांढऱ्या केसांत केस न् केस सुटा. गडद स्वेटरची वीण शेवटच्या टाक्यापर्यंत मोजता यावी अशी. सावलीकडचा गाल काळा, पण मेलेला नाही. कातडी पाहिली तेव्हा सवयीनं मनात आलं की हे तीन दिवसांचं काम आहे, डोळ्यांच्या कडा तर कोंबडीनं उकरल्यासारख्या, बिचारी कोण म्हातारी आहे कोण जाणे. पन्नासपैकी सेहेचाळीस दिले. शाईनं. चार का कापले तेही शेऱ्यात लिहिलं, की नाकाचा शेंडा डोळ्यांपेक्षा स्पष्ट आलाय, म्हणजे फोकस लावल्यावर ग्राहकानं मान मागे घेतली, आणि असल्या चुळबुळ्या ग्राहकाला आवरणं हे फोटोग्राफरचं काम आहे.

मग कलेचे मार्क द्यायला प्रिंट सुलटं केलं.

मास्तर प्रिंटकडे बघत होते, अध्यक्ष माझ्याकडे, आणि मग दोघंही छताकडे. बिचारी म्हातारी मीच, चुळबुळी ग्राहकही मीच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागे तुझ्याकडे आले होते तेव्हा नवी लेन्स तपासायची आहे, दोन मिनिटं खिडकीशी बस असं म्हणाला होतास. हीच का ती लेन्सची तपासणी?

अध्यक्ष फार गोड बोलले. हा बाईंचा अपमान आहे, प्रवेशिका बाद करून टाकू म्हणाले. मी सांगितलं की तशी गरज नाही, माझा भाऊ ती स्वतःच मागे घेईल. पुढची बैठक दहा तारखेला आहे. त्याच्या आत तुझं पत्र संस्थेत पोचलं पाहिजे. असं तोंड घेऊन मला त्या हॉलच्या भिंतीवर लटकायचं नाही.

तुझ्या बायकोला, आपल्या धाकटीला, आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ सध्या स्थगित आहे.

तुझी,
ताई


ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

प्रवेशिका मागे घेणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहितो, म्हणजे पुढचं पत्र तू न वाचता फाडलंस तरी मुद्दा पोचेल.

लेन्स तपासायची आहे हे खोटं होतं. त्याबद्दल माफी मागतो. फक्त तेवढ्याबद्दल.

मान तू मागे का घेतलीस तेही ऐक. मी कॅमेऱ्यामागच्या काचेवर फोकस लावला तो तुझ्या डोळ्यावरच, पापणीवर. काळ्या कापडाखालून बाहेर आलो, फिल्मचा होल्डर सरकवला, आणि बाईसाहेबांनी मला सांगितलं की माझ्या बाहीवर डाग आहे. कसला डाग ते नीट दिसेना म्हणून, जवळचं न दिसणारी माणसं घेतात तशी, तू मान मागे घेतलीस. त्याच क्षणी मी शटर दाबलं. माझे चार मार्क माझ्याच बाहीवर गेले. हरकत नाही, ग्राहक हलला तर दोष फोटोग्राफरचा हे मीच सगळ्या कामगारांना शिकवलंय. पण हे बघ, तो डाग बघतानाचा तुझा चेहरा मी चाळीस वर्षं ओळखतो. माझी प्रत्येक निगेटिव्ह तू अशीच बघायचीस. त्या चेहऱ्याला मी आयुष्यभर घाबरलो, आणि त्या चेहऱ्यानंच मला काम शिकवलं. त्याचा एक फोटो असावा असं मला वाटलं तर काय चुकलं?

आता मनातलं बोलतो, रागावलीस तरी चालेल. घासलेल्या काचेवर मला जो माणूस दिसायचा, उलटा का होईना पण अख्खा, तो छापून कधी आलाच नाही. मी निगेटिव्ह तुझ्याकडे द्यायचो आणि तू सोललेलं अंडं परत करायचीस. ग्राहक खूश, आपलं घर चाललं, तक्रार नाही. पण एकदा तरी काचेवर दिसलं ते कागदावर यावं अशी माझी इच्छा होती, आणि त्यासाठी दुसऱ्या कोणाचा चेहरा मागायला मला तोंड नव्हतं.

तू सेहेचाळीस दिलेस. चाळीस वर्षांत तू मला एकदाही बरं आहे यापलीकडे काही म्हणाली नाहीस. तो कागद मला फ्रेम करून हवा आहे.

तुझा लोभ स्थगित असला तरी माझा चालू आहे, याची नोंद व्हावी.

तुझा,
खोका


ता. ११ फेब्रुवारी

चि. खोक्यास,

अनेक आशीर्वाद. फ्रेम मिळणार नाही.

तू हट्टी आहेस हे मला पाळण्यापासून माहीत आहे, त्यामुळे तुझ्या नकाराचं नवल वाटलं नाही. नवल माझंच वाटतंय. काल बैठकीला गेले ती तुझा फोटो स्वतःच्या हातानं बाद करायचा असं ठरवून, आणि परत आले ती भांडून. ऐक काय झालं.

अध्यक्षांनी आपले मार्क वाचून दाखवले. पन्नासपैकी एकवीस. तांत्रिक दोष म्हणून लिहिलं होतं की कातडीचा पोत अनावश्यक आहे, वयस्क स्त्रीचं पोर्ट्रेट मृदू असावं. मी विचारलं की पोत फोकसमध्ये आहे हा दोष कसा. ते म्हणाले, बाई, तुम्हालाच त्रास होऊ नये म्हणून म्हणतोय. मला त्रास होऊ नये म्हणून! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी फायलीतून नऊ नंबर काढायला लावला. नऊ नंबर एका म्हाताऱ्या लोहाराचा आहे, तोंडावर माझ्याहून दुप्पट जाळं. त्याला ह्याच गृहस्थांनी पंचेचाळीस दिले होते आणि शेरा काय, तर चेहऱ्यावर आयुष्य उमटलं आहे. म्हणजे त्याच्या तोंडावर आयुष्य आणि माझ्या तोंडावर दोष.

मग मी दोन्ही प्रिंटं उलटी करून शेजारी ठेवली. केस आणि कपडे कागदानं झाकले, फक्त डोळ्यांपासून ओठांपर्यंत उघडं ठेवलं, दोघांना भिंग दिलं आणि विचारलं की यातला पुरुष कोणता. अध्यक्षांनी असल्या पोरखेळात भाग घ्यायला नकार दिला. मास्तरांनी बराच वेळ पाहिलं, आणि बोट ठेवलं ते माझ्यावर. कागद काढल्यावर बिचारे कानापर्यंत लाल झाले. मी म्हटलं, लाजू नका, तुम्ही एकटेच प्रामाणिक आहात.

शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला. निगेटिव्ह मागवा, बाई स्वतःच रिटचिंगमध्ये एवढ्या तरबेज, दोन दिवस पेन्सिल फिरवा, नवं प्रिंट द्या. मग ते हॉलच्या समोरच्या भिंतीवर लागेल, बहीण-भावाची जोडकला म्हणून. नाहीतर सतरा नंबर बाद. मुदत सव्वीस तारखेपर्यंत.

आता खरं सांगते, आणि हे फक्त तुला सांगते. त्यांच्याशी मी कडाकडा भांडले, पण घरी येऊन आरशासमोर उभी राहिले तेव्हा तोडगा मला आवडला. तत्त्व वेगळं आणि आपलं थोबाड वेगळं. हात शिवशिवतोय. वरच्या ओठावरच्या उभ्या रेघा, हनुवटीखालचं लोंबणारं, एवढं जरी भरलं तरी मी लोकांसमोर ताठ मानेनं उभी राहीन. निगेटिव्ह पाठवून दे. काय करीन ते आत्ता सांगत नाही, कारण मलाच ठाऊक नाही.

लोभाचं नंतर बघू.

तुझी,
ताई


ता. १५ फेब्रुवारी

ती. वन्संस,

सा. न. वि. वि. सोबत निगेटिव्हचं खोकं आहे. दोन पुठ्ठ्यांत घालून, वर माझं जुनं लुगडं गुंडाळून पाठवते आहे, सांभाळून उघडा.

हे स्वतः पत्र लिहायला तयार नाहीत. तीन दिवस घरात तोंडाला कुलूप. मी म्हटलं, पाठवू नका, वन्सं पेन्सिल लावल्याशिवाय राहायच्या नाहीत, तुमची दुसरी निगेटिव्ह नाही. तर म्हणाले, चेहरा तिचा आहे, फिल्म तेवढी माझी. तिला भरायचं तर भरू दे, फाडायचं तर फाडू दे. आणि पुन्हा कुलूप. तुमच्या घराण्यात बोलायचं तरी असतं नाहीतर अजिबात नसतं, मधलं काही नाहीच.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी माझं मत सांगते. मला तो फोटो गोड वाटला नाही. तुम्ही त्यात आता रागावणार अशा दिसता. पण तुम्ही दिसता.

एक गोष्ट पुष्कळ वर्षं पोटात आहे, ती आज लिहून टाकते. लग्नानंतर आठ दिवसांनी ह्यांनी स्टुडिओत माझा एकटीचा फोटो काढला होता. अजून बाहेरच्या खोलीत लावलेला आहे. माझ्या डाव्या गालावर लहानपणी झोपाळ्याची कडी लागून झालेला वण आहे, तो त्या फोटोत नाही. तुम्ही काढलात. मला विचारलं नाहीत, आणि मी नवी नवरी, मी काय बोलणार? तुम्ही मायेनंच केलं असेल, हे आता कळतं. तेव्हा मला वाटलं की सासरी हा वण खुपतो. तेव्हापासून कोणी फोटो काढायला आलं की मी डावा गाल फिरवते. त्या भिंतीवरच्या पोरीकडे मी चाळीस वर्षं बघते आहे, छान आहे, पण ती माझ्या ओळखीची नाही.

हे तुम्हाला टोचायला लिहिलेलं नाही. तुम्ही पेन्सिल हातात घ्यायच्या आधी सांगावंसं वाटलं, इतकंच. उलटसुलट लिहिलं असेल तर पोटात घाला.

आपली,
धाकटी


ता. १८ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. खोकं सुखरूप पोचलं.

तुझं पत्र वाचून मी दिवसभर कोणाशी बोलले नाही, म्हणजे तुझं घराण्याबद्दलचं म्हणणं खरं आहे. तो वण मला आठवतोय. मला वाटलं होतं की मी तुला नव्या सुनेची भेट देतेय. मोठ्या कौतुकानं काढला होता, रेघ कुठे संपते ते कळू नये म्हणून अर्धा दिवस घालवला होता. तुला विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही. ग्राहकाला कधी विचारतच नव्हतो आपण. चुकले गं मी. तू चाळीस वर्षं गाल फिरवत राहिलीस आणि मी समोर बसून तुझ्या हातचं जेवत राहिले, मला एकदाही दिसलं नाही. भिंगाशिवाय मला काही दिसतच नाही की काय, कोण जाणे.

स्टुडिओ बंद केला तेव्हा घरच्या निगेटिव्ह माझ्या पेटीत आल्या होत्या. तुझी शोधून काढली. पेन्सिल वरच्या लाखेच्या थरावर असते, खालच्या फिल्मला धक्का लागत नाही. कापसाला टर्पेंटाइन लावून हलक्या हातानं पुसली. वण जागच्या जागी आहे, आणि त्याच्याबरोबर तुझ्या ओठाच्या कोपऱ्यातलं दबलेलं हसूही परत आलंय, ते मी वणाच्या नादात अर्धं भरून टाकलं होतं. सोबत पाठवते आहे. खोक्याला सांग, आजच छाप आणि जुना फोटो उतरव.

आणि यापुढे डावा गाल फिरवायचा नाही. हे मोठ्या नणंदेचं फर्मान समज.

माझं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. तुझ्या पत्रानं सोपं होईल असं वाटलं होतं, पण दुसऱ्याची पेन्सिल पुसणं सोपं असतं.

तुझी,
वन्सं


ता. २७ फेब्रुवारी

चि. खोक्यास,

अनेक आशीर्वाद. निकाल लागला. सविस्तर लिहिते, म्हणजे धाकटीला वाचून दाखवता येईल.

परवा सकाळी रिटचिंगच्या डेस्कपाशी बसले. आरसा फिरवून खिडकीचा उजेड खालून घेतला, तुझी निगेटिव्ह काचेवर ठेवली, पेन्सिलीला घासून सुईसारखं टोक केलं. निगेटिव्हमध्ये आपण सगळेच भुतासारखे दिसतो, केस काळे, कातडी काळी, आणि सुरकुत्या तेवढ्या उजेडाच्या. वरच्या ओठावरची पहिली रेघ घेतली, टोक टेकवलं नाही, नुसतं धरलं. आणि मला कळेना की ही रेघ कशाची आहे. माझ्या हातून हजारो गेल्या, पण कधी विचार केला नव्हता. मग लक्षात आलं, पेन्सिलीला टोक करताना मी ओठ आवळते. त्या क्षणीही आवळलेलेच होते. चाळीस वर्षं लोकांच्या रेघा भरता भरता ह्या माझ्या तोंडावर पडल्या. कमावलेल्या आहेत रे. फुकट आलेल्या नाहीत. मला रडू आलं, आणि रडून झाल्यावर राग आला, आणि राग आल्यावर बरं वाटलं.

काल निगेटिव्ह तशीच पिशवीत घालून बैठकीला गेले. अध्यक्षांनी नवं प्रिंट मागितलं. मी जुनंच टेबलावर ठेवलं आणि म्हटलं की आधी माझा एक मार्क कमी करून घ्या, सेहेचाळीसचे पंचेचाळीस, कारण मागच्या भिंतीच्या करड्या भागात खांद्याजवळ टाचणीएवढा काळा ठिपका आहे, आणि तो पहिल्या वेळी माझ्या नजरेतून सुटला. अध्यक्षांना वाटलं मी नरमले. मग मी कलेचे मार्क दिले, जे इतके दिवस मोकळे सोडले होते. सुलटं धरून, हात लांब करून, नीट पाहिलं. खिडकीचा उजेड एका बाजूनं येऊन अर्ध्या तोंडावर थांबतो, आणि उरलेलं अर्धं तोंड अंधारातूनही आपल्याकडेच बघतं. बसणारीला आपण कशा दिसतो याची पर्वा नाही, तिला समोरच्याचं काहीतरी चुकलेलं दिसलंय आणि ती ते सांगणार आहे. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. दोन कापले, कारण हात चौकटीबाहेर ठेवलेस. त्या बाईचे हात हवे होते.

अध्यक्ष म्हणाले की जिचा फोटो तिनंच मार्क देणं शोभत नाही. मी म्हटलं, ह्या चेहऱ्याबद्दल मत द्यायला तुम्ही बसलात तेव्हा शोभलं, मग माझं का शोभू नये? चेहरा माझा, भाऊ माझा, हे वहीत लिहा, आणि माझे मार्क सबंध गाळा. मग उरलेल्या दोघांवर ठरवा. पण ज्यानं कातडीचा पोत हा तांत्रिक दोष लिहिलाय त्यानं त्याखाली सही करावी, म्हणजे संस्थेत शिकणाऱ्या पोरांना फोकस चुकवायला शिकवता येईल. अध्यक्षांनी पेन उघडलं आणि बंद केलं. सही केली नाही. शेरा खोडला. मास्तर तोवर मान खाली घालून होते. त्यांनी एवढंच म्हटलं की मी ह्या चेहऱ्याला पुरुष म्हणालो, म्हणजे मला चेहरे बघायला अजून शिकायचं आहे, आणि ते शिकायला हा भिंतीवर लागलेला बरा.

लागला. समोरच्या भिंतीवर नाही, तिथे लोहार आहे. तुझा सतरा नंबर जिन्याच्या वळणावर आहे, पाणी प्यायच्या टाकीशेजारी, जिथे प्रत्येकाला थांबावंच लागतं. मला पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून बोलावणार नाहीत, तसं गोड शब्दांत सांगून झालंय. मी पण गोड शब्दांत सांगितलं की पुढच्या वर्षी मी प्रवेशिका पाठवीन. तेव्हा काळं कापड धुऊन ठेव. कॅमेऱ्यामागे मी उभी राहणार आहे आणि खिडकीशी तू बसणार आहेस, आणि मान हलवलीस तर याद राख.

आज सकाळी पुन्हा गेले होते, नुसती बघायला. टाकीपाशी एक माझ्याच वयाची बाई पेला हातात धरून उभी होती. तिनं फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तुम्हीच ना असं विचारलं. मी हो म्हटलं. तोंड न फिरवता.

तुझ्यावरचा लोभ आजपासून पूर्ववत चालू, थकबाकीसकट.

तुझी,
ताई

ता. क. निगेटिव्ह परत पाठवते आहे. भिंग लावून बघशीलच म्हणून आधीच कबूल करते, पेन्सिल एका ठिकाणी लावली आहे, त्या खांद्याजवळच्या ठिपक्याला. ती धूळ तुझ्या होल्डरमधली होती. बाकीचं सगळं माझं आहे.